ख्रिस्ती प्राथमिक शाळेत बायबलचा तास कसा घ्यावा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. जूनमध्ये आपण पुण्यातील एका ख्रिस्ती संस्थेच्या मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत रुजू झालात आणि तिसरी व चौथीचा बायबलचा तास आपल्याकडे आला. बेचाळीस मुलांच्या वर्गात नऊ मुले ख्रिस्ती आहेत, तीही वेगवेगळ्या मंडळ्यांची, म्हणजे चर्चची. बाकीची हिंदू, बौद्ध आणि मुसलमान घरांतली आहेत. दुसऱ्याच आठवड्यात एका मुलीने उभे राहून विचारले, "बाई, मग आमचा गणपती खोटा आहे का?" आणि आपल्याला उत्तर सुचले नाही. दर महिन्याला मुलांचे एक सुवर्णवचन, म्हणजे बायबलमधले निवडक वाक्य, पाठ व्हावे अशी संस्थेची अपेक्षा आहे. आपल्याला जे मोलाचे वाटते ते मुलांपर्यंत पोहोचावे, पण कोणत्याही घराचा विश्वासघात होऊ नये, अशी आपली इच्छा आहे. हा तास मी पुण्याच्या पूर्व भागातील दोन शाळांत मिळून सत्तावीस वर्षे घेतला, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आपण 'काय शिकवू' असे विचारले आहे, परंतु मला वाटते की अडचण त्याच्या आधीची आहे: त्या पस्तीस मिनिटांत आपण मुलांशी कोणत्या नात्याने बोलत असतो? रविवारी शब्बाथ शाळेत, म्हणजे मंडळीच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात, बसलेले मूल त्याच्या आईवडिलांनी विश्वासात वाढावे म्हणूनच तेथे आणलेले असते. तेथे 'आपण येशूचे आहोत' हे वाक्य घरातल्यासारखे असते. शाळेत मात्र तेच मूल भाषा, गणित आणि परिसर अभ्यास शिकायला आलेले असते, आणि बाई सांगतील ते खरे, अशा गाढ विश्वासाने ते आपल्याकडे पाहत असते. साताचा पाढा आणि येशूचे पुनरुत्थान त्याला एकाच तोंडून, एकाच आवाजात ऐकू येते. हे दोन तास आपण मनात वेगळे केले नाहीत, तर मुलाला ते कधीच वेगळे करता येणार नाहीत.

पुष्कळ गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच सांगते. शाळा अनुदानित आहे की विनाअनुदानित, संस्था कॅथलिक आहे की प्रोटेस्टंट, ख्रिस्ती मुलांसाठी धर्मशिक्षणाचा वेगळा तास आहे की सगळा वर्ग एकत्र बसतो, प्रवेशाच्या वेळी पालकांना काय सांगितलेले असते, यावर तपशील बदलतील. एक गोष्ट मात्र सर्वांना सारखी लागू आहे. संविधानाच्या अनुच्छेद ३० प्रमाणे अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा आणि चालवण्याचा हक्क आहे. त्याचबरोबर अनुच्छेद २८ चा तिसरा खंड सांगतो की राज्याने मान्यता दिलेल्या किंवा राज्याकडून अनुदान घेणाऱ्या संस्थेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षण घेण्यास किंवा उपासनेस हजर राहण्यास भाग पाडता येत नाही, आणि मूल अल्पवयीन असेल तर ही संमती पालकाची लागते. आपल्या शाळेत असे लेखी संमतिपत्र घेतले जाते का, हे मुख्याध्यापकांना या आठवड्यातच विचारून घ्यावे. ज्या पालकांनी संमती दिलेली नाही त्यांच्या मुलांना व्हरांड्यात उभे करू नये. वाचनालयात, दुसऱ्या शिक्षिकेच्या देखरेखीखाली, त्यांना चांगले काम द्यावे. तास चुकवणे ही मुलाला शिक्षा वाटता कामा नये.

मी हे केवळ कायद्याच्या भीतीने सांगत नाही. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी दुसरीच्या वर्गाला हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगितली. गोष्ट रंगली, मुले अगदी शांत झाली, आणि त्या भरात मी सगळ्यांना डोळे मिटायला सांगून "प्रभू येशू, माझ्या हृदयात ये" ही प्रार्थना एकेक ओळ माझ्यामागून म्हणवून घेतली. दुसऱ्या दिवशी एका मुलाची आजी शाळेच्या फाटकाशी थांबली होती. मुलगा रात्री झोपला नव्हता. 'आता देवघरातले देव माझ्यावर रागावतील का' असे पुन्हा पुन्हा विचारत होता. आजी भांडायला आली नव्हती. ती म्हणाली, "बाई, गोष्ट छान होती, त्यानं घरी सगळी सांगितली. पण पोराकडून असं काही वदवून घ्यायचं होतं तर आधी आम्हाला विचारायला हवं होतं." मी तिची क्षमा मागितली. सात वर्षांच्या मुलाला मी अशा पेचात टाकले होते की ज्यातून तो एकट्याने बाहेर पडू शकत नव्हता: बाईंना नाही म्हणता येत नाही आणि घरच्यांना सोडता येत नाही. त्या दिवसापासून मी एक कसोटी पाळली. मुलाच्या घरात जे मानले जात नाही, ते वाक्य 'मी' किंवा 'माझा' म्हणून त्या मुलाच्या तोंडी कधीही घालायचे नाही.

पुण्याला हा प्रश्न नवीन नाही. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत सुरू केलेले शारदासदन पुढच्याच वर्षी पुण्यात आले. विधवा मुलींना शिकवणारी ती संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असा सल्लागार मंडळातील न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर आदींचा समज होता. आपण कोणावर सक्ती करत नाही, परंतु प्रार्थना करताना आपल्या खोलीचे दार लावूनही घेणार नाही, अशी रमाबाईंची भूमिका होती, आणि काही मुली त्या प्रार्थनेला बसू लागल्या. १८९३ मध्ये प्रकरण पेटले, सल्लागारांनी राजीनामे दिले आणि पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. मला दोन्ही बाजूंच्या माणसांबद्दल आदर आहे. त्यांच्यातला तंटा वाचताना मला नेहमी असे वाटते की संस्थेने दिलेले वचन एका बाजूने एका अर्थाने घेतले आणि दुसऱ्या बाजूने दुसऱ्या, आणि त्याची झळ मुलींच्या शिक्षणाला बसली. म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच पालकसभेत 'या तासात आम्ही काय करतो आणि काय करत नाही' हे साध्या शब्दांत सांगून टाकावे, असा माझा आग्रह आहे.

आता शिकवण्याकडे वळते. सर्वांत जास्त उपयोग मला वाक्याच्या कर्त्याकडे लक्ष देण्याचा झाला. 'येशू मेलेल्यांतून उठला, हे आपल्याला माहीत आहे' असे म्हणण्याऐवजी 'तिसऱ्या दिवशी येशू उठला असे ख्रिस्ती लोक मानतात, आणि मीही मानते' असे म्हणावे. यात काहीही लपवलेले नाही. आपला विश्वास आपण स्पष्ट सांगितला, आणि मुलाला त्याच्या जागी उभे राहायला जागाही ठेवली. काही सहकारी मला म्हणत की असे बोलल्याने साक्ष पातळ होते. माझा अनुभव उलट आहे. 'मीही मानते' हे शब्द मुले फार लक्षपूर्वक ऐकतात, कारण त्यात त्यांच्या ओळखीचे माणूस स्वतःविषयी बोलत असते. "येशू खरंच पाण्यावर चालला का?" या चौथीतल्या हमखास येणाऱ्या प्रश्नालाही याच रीतीने उत्तर देता येते. शुभवर्तमानात, म्हणजे येशूचे चरित्र सांगणाऱ्या बायबलमधल्या पुस्तकांत, काय लिहिले आहे ते सांगावे, ख्रिस्ती लोक त्यातून काय समजतात ते सांगावे, विचारल्यास स्वतःचे मत सांगावे, आणि ज्याला ते पटत नाही त्याला वर्गासमोर पटवायला जाऊ नये.

याच्या अगदी उलट टोकाची एक चूक आहे, आणि मिश्र वर्गात भल्या हेतूने हीच जास्त होते. कोणी दुखावू नये म्हणून आपण बायबलमधली गोष्ट इतकी सपाट करतो की शेवटी 'तात्पर्य: सर्वांना मदत करावी' एवढेच उरते. इसापनीतीचे धडे वाचून मुलांना तात्पर्याची सवय झालेली असतेच; ती फळ्यावरून ते वहीत उतरवतात आणि गोष्ट विसरतात. येशूचे दाखले, म्हणजे त्याने सांगितलेल्या छोट्या गोष्टी, तात्पर्यासाठी रचलेलेच नाहीत. ऐकणाऱ्याला अस्वस्थ करून सोडायचे आणि तेथेच थांबायचे, अशी त्यांची घडण आहे. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात जखमी माणसाला ओलांडून याजक आणि लेवी (मंदिराचा सेवेकरी) निघून जातात आणि ज्याच्याशी यहुदी संबंध ठेवत नसत तो शोमरोनी थांबतो. हे न सांगता नुसते 'एका दयाळू माणसाने मदत केली' असे सांगितले तर त्या दाखल्यात सांगण्यासारखे काही उरत नाही.

द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला मी चौथीला दरवर्षी सांगत असे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात तो आहे. मळ्याचा धनी पहाटे चौकात जाऊन मजूर ठरवतो, एक दिनार मजुरी कबूल करतो, जो त्या काळी एका दिवसाचा रोज होता. मग नऊला, बाराला, तीनला आणि शेवटी पाचला पुन्हा चौकात जाऊन आणखी माणसे आणतो, आणि संध्याकाळी सगळ्यांना एकच दिनार देतो. येथे मी थांबून विचारत असे, "बरोबर केलं का त्यानं?" एका वर्षी वर्ग एकदम खवळला. "अन्याय आहे बाई!", "पहाटेपासून राबणाऱ्याला जास्त द्यायला पाहिजे!", एक मुलगी तर फळ्याशी येऊन तासांचा हिशेब मांडू लागली. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी फारसे बोलत नसे, उभा राहिला. "पण बाई, पाचपर्यंत उभा होता त्याला कुणी नेलंच नाही ना. माझे पप्पा पण नाक्यावर उभे राहतात. ज्या दिवशी कुणी नेत नाही त्या दिवशी ते उशिरा घरी येतात." वर्ग गप्प झाला. फळ्याजवळची मुलगी खडू हातात धरून तशीच उभी राहिली, आणि थोड्या वेळाने म्हणाली, "त्याच्या घरी पण पीठ लागणारच की." मी त्यावर एक शब्दही बोलले नाही. दाखल्यातही धनी त्या मजुरांना विचारतो की दिवसभर येथे रिकामे का उभे राहिलात, आणि ते सांगतात की कोणी आम्हाला कामावर घेतले नाही. ते वाक्य मी फक्त पुन्हा वाचून दाखवले. तो मुलगा बौद्ध घरातला होता. तो दाखला त्या वर्गात त्याच्याइतका कोणालाच कळला नव्हता, मलाही नाही.

म्हणून माझी विनंती आहे की गोष्ट पूर्ण सांगावी, तिच्यातली अडचणीची जागा गाळू नये, आणि मुलांना बोलू द्यावे. साहित्य घरातलेच पुरते. पेरणाऱ्याच्या दाखल्यासाठी एका परातीत मुरूम आणि दुसरीत काळी माती घेऊन मुलांनाच मूठभर हरभरे पेरायला लावावेत आणि आठवडाभर खिडकीत ठेवावेत. मोहरीचा दाणा प्रत्येकाच्या तळहातावर ठेवला की पुढचे पाच मिनिटे सांगण्याची गरजच पडत नाही. सोनेरी केसांच्या येशूची छापील चित्रे मी हळूहळू भिंतीवरून काढली, कारण त्यांच्यामुळे येशू हा परदेशी साहेब आहे अशी मुलांची समजूत होते. गाण्यांसाठी आपल्याकडे रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजने आहेत, आणि त्याही आधी फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये छापलेल्या 'ख्रिस्तपुराणा'त ख्रिस्ताची कथा ओवीत सांगितली आहे; टाळांच्या साथीने मराठीत गायलेले काहीही मुलांना परके वाटत नाही. गाण्यालाही मात्र वर सांगितलेली 'मी'ची कसोटी लावावी.

क्रूसाच्या गोष्टीविषयी दोन शब्द. पहिली-दुसरीत खिळे, रक्त आणि भाल्याचे वर्णन करू नये. 'येशूला वाईट वागवले, तो मरण पावला, त्याच्या मित्रांना फार दुःख झाले, आणि तिसऱ्या दिवशी...' एवढे त्या वयाला पुरेसे आहे. वरच्या वर्गांत सांगताना 'यहुद्यांनी येशूला मारले' हे वाक्य तोंडातून येऊ देऊ नये. येशू, त्याची आई आणि त्याचे सर्व शिष्य यहुदीच होते, आणि क्रूसावर देण्याची शिक्षा रोमी सत्तेची होती. आपल्या मुलांना हे दाखवणे सोपे आहे. कॅम्पातले लाल देऊळ, म्हणजे डेव्हिड ससून यांनी बांधवलेले १८६७ चे सिनेगॉग (यहुद्यांचे प्रार्थनास्थळ), त्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर असते, आणि रास्ता पेठेत मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल या यहुदी समाजाचे प्रार्थनास्थळ आहे. दावीदाची जी स्तोत्रे आपण वर्गात वाचतो ती तेथेही म्हटली जातात, हे ऐकून मुलांचे डोळे मोठे होतात.

ख्रिस्ती मुलांमधील फरकाकडेही लक्ष असू द्यावे. परिपाठात प्रभूची प्रार्थना म्हटली जाते तेव्हा कॅथलिक मुले 'वाइटापासून सोडव' येथे थांबतात आणि दुसरी मुले 'राज्य, पराक्रम, गौरव' ही ओळ पुढे म्हणत राहतात. मग मधल्या सुट्टीत 'तुमची प्रार्थना अर्धी आहे' यावरून भांडण होते. दहा आज्ञांची विभागणी दोघांत वेगळी असल्याने 'पाचवी आज्ञा कोणती?' या प्रश्नाचीही दोन बरोबर उत्तरे येतात. आपण स्वतः ज्या मंडळीत वाढलो तीच रीत प्रमाण धरण्याचा मोह येथे होतो. दोन्ही रीती फळ्यावर शेजारी शेजारी लिहाव्यात आणि दोन्ही बरोबर म्हणून सांगाव्यात.

सुवर्णवचनांच्या बाबतीत संस्थेशी वाद घालण्याची गरज पडू नये. पाठांतर मुलांना आवडते आणि चांगल्या मराठीचे कान त्यातून तयार होतात. प्रश्न निवडीचा आहे. 'आपल्या शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती कर' हे वचन कोणतेही मूल खोटे न बोलता म्हणू शकते. तेविसावे स्तोत्र अभंगासारखे, कवीचे शब्द म्हणून सर्वांना शिकवता येते. विश्वासाची कबुली असलेली वचने मात्र ख्रिस्ती मुलांच्या धर्मशिक्षणाकडे किंवा त्यांच्या मंडळीकडे सोपवावीत. वर्गात ती फक्त 'ख्रिस्ती लोकांना प्रिय असलेले वचन' म्हणून वाचून दाखवावीत. बारा महिन्यांसाठी बारा वचनांची यादी आपणच करून पाळकांना किंवा फादरना दाखवली, तर बहुतेक वेळा ती मान्य होते. गुणांविषयी एवढेच, की गोष्टीतील घटनांचा क्रम, पात्रे, सणांची माहिती यांवर प्रश्न विचारावेत. विश्वासाला गुण देऊ नयेत.

आता त्या मुलीचा प्रश्न. 'आमचा गणपती खोटा आहे का' असे आठ वर्षांचे मूल विचारते तेव्हा ते ईश्वरशास्त्र विचारत नसते. 'माझी आई चुकीचे करते का, आणि मी तुम्हाला आवडते का' असे ते विचारत असते. मी अशा वेळी मुलाजवळ जाऊन सांगत असे, "तुझ्या घरी ज्याची पूजा होते त्याला मी खोटं म्हणणार नाही. माझ्या घरी आम्ही येशूची प्रार्थना करतो. या तासाला आपण येशूच्या गोष्टी ऐकायच्या, आणि तुला काही वेगळं वाटलं तर मला सांगायचं." गणपतीविषयी स्वतःचे मत तेथे मांडत बसू नये, आणि 'सगळे देव एकच' असे म्हणून सुटकाही करून घेऊ नये, ते आपल्याला मनापासून वाटत नसेल तर मुलांना ते लगेच कळते.

याहून अवघड प्रश्न बहुधा ख्रिस्ती मुलाकडून येतो: "बाई, हे सगळे नरकात जाणार ना?" शेजारी बसलेला मित्र हे ऐकत असतो. त्याला रागावू नये. घरी किंवा मंडळीत ऐकलेले त्याने भीतीने विचारलेले असते. डोंगरावरील प्रवचनात येशूने कोणाचे दोष काढू नका असे सांगितले आहे, तेव्हा कोण कोठे जाणार हे ठरवायचे काम देवाने आपल्याला दिलेले नाही, असे मी शांतपणे सांगत असे, आणि त्याच दिवशी त्याच्या पालकांशी बोलत असे.

आपण अजून त्या मुलीला उत्तर दिलेले नाही, म्हणून येत्या तासाच्या सुरुवातीलाच, तिचे नाव न घेता, 'मागच्या वेळी एक चांगला प्रश्न राहिला होता' असे म्हणून ते सर्वांसमोर द्यावे. उशीर झाला म्हणून सोडून देऊ नये. आणि मुख्याध्यापकांची परवानगी मिळाली तर पालकांना एखाद्या तासाला वर्गात मागे बसण्यासाठी बोलवावे. मी दर जुलैमध्ये बोलावत असे. पहिल्या वर्षी चौघेच आले होते, आणि त्यांच्यासाठी शेवटचे दोन बाक रिकामे ठेवावे लागले, एवढीच काय ती वेगळी तयारी होती.